पण त्या ओळीवर मी काही लिहिलेलंच नाही!

सी++ चा एरर घेऊन कोणी माझ्याकडे आलं आणि पहिलंच वाक्य हे निघालं, की स्क्रीन बघायच्या आधी मी डिस्ट्रक्टरचं, म्हणजे ऑब्जेक्ट मरताना आवराआवर करणाऱ्या फंक्शनचं, नाव घेतो. बहुतेक वेळा ते बरोबर निघतं. यात हुशारी काही नाही. बाकीची फंक्शन्स आपण स्वतः बोलावतो, त्यामुळे ती कुठे बोलावली ते बोट ठेवून दाखवता येतं. डिस्ट्रक्टर आपण जवळजवळ कधीच बोलावत नाही. तो कंपायलर बोलावतो, आणि तोही अशा जागी जिथे डोळ्यांना काही दिसत नाही: ब्लॉक संपवणाऱ्या महिरपी कंसावर, टेम्पररी ऑब्जेक्ट असलेल्या वाक्याच्या अर्धविरामावर, कन्स्ट्रक्टर अर्ध्यात फसला तर त्याच्या पोटात, आणि आपण डिस्ट्रक्टर लिहिलाच नाही म्हणून कंपायलरने गुपचूप लिहिलेल्या डिस्ट्रक्टरमध्ये.

यात टेम्प्लेट, म्हणजे टाइपची जागा 'टी' म्हणून मोकळी सोडून लिहिलेला साचा, मिसळलं की आणखी एक पडदा पडतो. क्लास टेम्प्लेटमधलं मेंबर फंक्शन कोणी वापरेपर्यंत त्याच्या आतला टी-वर अवलंबून असलेला भाग कंपायलर तपासतच नाही. तपासायचा तरी कसा, टी म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. म्हणजे एकीकडे कोणीही न लिहिलेला कॉल आणि दुसरीकडे पुढे ढकललेली तपासणी. हे दोन्ही एकत्र आले की चूक एका फायलीत असते, एरर तिसऱ्याच फायलीत येतो आणि त्यात नाव असतं स्टँडर्ड लायब्ररीच्या एखाद्या हेडरचं.

मी मोजमापाच्या यंत्रांशी बोलणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो. कोड जुना आहे, काही भाग सी++११ च्याही आधीचा, आणि माणसं बदलत राहतात. त्यामुळे तेच ते एरर वेगवेगळ्या माणसांच्या हातून माझ्यापर्यंत पोहोचतात. ते एकदा नीट लिहून काढावेत म्हणून ही पोस्ट. कीवर्ड आणि लायब्ररीतली नावं इथे देवनागरीत लिहितोय. युनिक_पॉइंटर म्हटल्यावर काय ते कळत असेल तरच पुढे वाचण्यात अर्थ आहे.

आधी वाचण्याच्या क्रमाबद्दल. जीसीसी हा कंपायलर आधी सगळी वंशावळ सांगतो, म्हणजे अमुक इन्स्टॅन्शिएशनमध्ये (टीच्या जागी खरा टाइप घालून कोड बनवताना), ते तमुकमुळे लागलं, ते आणखी कशामुळे, आणि 'रिक्वायर्ड फ्रॉम हिअर'. मूळ 'एरर' ही ओळ त्यानंतर येते. क्लँग हा दुसरा कंपायलर उलटा आहे, आधी एरर आणि मग त्याखाली नोट्सची उतरंड. टर्मिनलवरच्या पहिल्या किंवा शेवटच्या ओळीचा फोटो काढून पाठवणाऱ्यांना माझी विनंती एवढीच, की 'एरर' शब्द असलेली पहिली ओळ आणि त्या उतरंडीतली तुमच्या स्वतःच्या फायलीची ओळ, या दोन पाठवा. मधलं सगळं लायब्ररीचं असतं, ते मला नको. जीसीसीत पहिल्या एररवरच थांबायला सांगणारा -डब्ल्यूफेटल-एरर्स हा फ्लॅग आहे. टेम्प्लेटच्या कामात मी तो चालूच ठेवतो, कारण पहिल्यानंतरचे बहुतेक एरर पहिल्याचीच पिलावळ असतात.

टेम्प्लेटच्या एररची ही लांबी काही आजची नाही. १९९४ मध्ये अर्विन उनरूह यांनी सी++ समितीच्या बैठकीत एक प्रोग्रॅम दाखवला होता. तो कंपाइल होत नव्हता, पण कंपायलरने फेकलेल्या एररच्या मजकुरात एकामागून एक मूळ संख्या छापल्या जात होत्या. टेम्प्लेट ही कंपायलरच्या आत चालणारी एक आख्खी भाषा आहे हे जगाला कळलं ते असं, एररमधून. मला हा किस्सा फार आवडतो, आणि कोणी टेम्प्लेट 'साधंच असतं' म्हणालं की मी तो सांगतो.

आता सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रकार.

समजा जोडणी नावाचा क्लास आहे, यंत्राशी कनेक्शन सांभाळणारा. आतला तपशील हेडरमध्ये उघडा पडू नये म्हणून आत नुसता एक युनिक_पॉइंटर<अंतरंग> ठेवलाय, आणि अंतरंग या क्लासची फक्त आगाऊ घोषणा केलीय. त्याची खरी व्याख्या सीपीपी फायलीत. यालाच पिम्पल म्हणतात आणि ही पद्धत उत्तम आहे. जोडणीची सीपीपी फाइल सुखरूप कंपाइल होते. मग कोणीतरी मेन फायलीत जोडणीचा एक ऑब्जेक्ट बनवतं आणि एरर येतो: इनव्हॅलिड ॲप्लिकेशन ऑफ साइझऑफ टू इनकम्प्लीट टाइप अंतरंग. जोडीला डिफॉल्ट_डिलीट नावाच्या कशाचा तरी उल्लेख. माणूस गोंधळतो. साइझऑफ मी कुठे लिहिलंय? डिलीट तरी कुठे केलंय?

साखळी अशी आहे. जोडणीला डिस्ट्रक्टर लिहिलेला नाही, म्हणून कंपायलर स्वतः एक लिहितो आणि तो इनलाइन असतो. म्हणजे ज्या फायलीत जोडणीचा ऑब्जेक्ट मरतो त्या फायलीत तो तयार होतो, इथे मेन फायलीत. त्या डिस्ट्रक्टरला आतल्या मेंबरचा डिस्ट्रक्टर बोलवावा लागतो. युनिक_पॉइंटर हा टेम्प्लेट, त्यामुळे त्याच्या डिस्ट्रक्टरचं इन्स्टॅन्शिएशन तिथे, त्याच क्षणी. तो डिफॉल्ट_डिलीटला बोलावतो, आणि त्याच्या अंगात एक स्टॅटिक_असर्ट आहे जो साइझऑफ वापरून तपासतो की टाइप पूर्ण माहीत आहे का. मेन फायलीला अंतरंग माहीत नाही. खेळ खलास.

जीसीसी अशा वेळी बहुधा क्लासच्या नावाच्या ओळीकडे बोट दाखवतो, कारण न लिहिलेल्या डिस्ट्रक्टरला दुसरी ओळच नसते. क्लँग एक पाऊल पुढे जाऊन सांगतो, की हा गुप्त डिस्ट्रक्टर पहिल्यांदा कुठे लागला. ती नोट सोन्याची आहे, पण ती सगळ्यात खाली असते आणि तिथवर कोणी स्क्रोल करत नाही.

उपाय सगळ्यांना माहीत असतो आणि तरी अर्धाच केला जातो. हेडरमध्ये डिस्ट्रक्टरची फक्त घोषणा करायची, आणि सीपीपी फायलीत, अंतरंगची व्याख्या संपल्यानंतर, जोडणी::~जोडणी() = डिफॉल्ट; असं लिहायचं. रिव्ह्यूमध्ये मला मात्र हेडरमध्येच = डिफॉल्ट लिहिलेलं दिसतं. त्याने काहीही साधत नाही. पहिल्याच घोषणेत डिफॉल्ट म्हटलेला डिस्ट्रक्टर आणि न लिहिलेला डिस्ट्रक्टर या बाबतीत सारखेच. दोन्ही वापराच्या जागी तयार होतात. प्रश्न डिस्ट्रक्टर आहे की नाही हा नाही, त्याचं अंग कुठे तयार होतं हा आहे.

एवढं नीट केलं तरी कन्स्ट्रक्टर हेडरमध्ये इनलाइन ठेवला असेल तर तोच एरर पुन्हा येतो, आणि या वेळी तो कन्स्ट्रक्टरच्या ओळीवर येतो. इथे लोक माझ्याशी भांडतात. कन्स्ट्रक्टर जन्म देतो, त्याला मरणाशी काय घेणं? घेणं आहे. युनिक_पॉइंटर बनून झाला आणि त्यानंतर कन्स्ट्रक्टरमध्ये एक्सेप्शन उडालं, तर बनलेले मेंबर मोडून टाकायची जबाबदारी त्या कन्स्ट्रक्टरचीच. तुमचा कन्स्ट्रक्टर रिकामा असला तरी नियम म्हणतो की मेंबरचा डिस्ट्रक्टर उपलब्ध हवाच. म्हणून कन्स्ट्रक्टरचं अंगही सीपीपीत हलवा.

मग तिसरा धक्का. डिस्ट्रक्टरची घोषणा स्वतः केली की कंपायलर मूव्ह कन्स्ट्रक्टर आणि मूव्ह असाइनमेंट आपणहून देत नाही. कॉपी देऊ पाहतो, पण आत युनिक_पॉइंटर असल्यामुळे ती डिलीट झालेली असते. काल चालणारा, जोडणीचे ऑब्जेक्ट व्हेक्टरमध्ये घालणारा कोड आज 'डिलीट केलेलं फंक्शन वापरलंय' म्हणून कोसळतो, आणि एरर येतो व्हेक्टरच्या पोटातल्या कुठल्याशा हेडरमधून. बदल केला डिस्ट्रक्टरमध्ये, रडतोय व्हेक्टर. मूव्हची दोन्ही फंक्शन्स हेडरमध्ये घोषित करून त्यांचंही डिफॉल्ट सीपीपीत लिहावं लागतं. मूव्ह असाइनमेंटला जुना अंतरंग मोडायचा असतो, तेव्हा तिलाही पूर्ण टाइप लागतोच.

या टप्प्यावर एक शॉर्टकट सुचतो आणि तो इंटरनेटवर भरपूर सापडतो: युनिक_पॉइंटर काढा, शेअर्ड_पॉइंटर लावा. एरर खरंच जातो. शेअर्ड_पॉइंटर त्याचा डिलीटर टाइपमध्ये न ठेवता ऑब्जेक्ट बनवतानाच सोबत बांधून ठेवतो, त्यामुळे मरताना पूर्ण टाइप माहीत असायची गरज उरत नाही. पण त्याबरोबर जोडणी कॉपी होऊ लागते, आणि दोन जोडण्या एकाच अंतरंगावर, म्हणजे एकाच पोर्टवर, लिहू लागतात. एका धाकट्या सहकाऱ्याने हा बदल रिव्ह्यूला पाठवला होता. मी विचारलं, "आता या क्लासची कॉपी केली तर काय होईल?" तो म्हणाला, "दादा, कॉपी कोण करणार?" फंक्शनला व्हॅल्यूने पास करणारा कोणीही, हे उत्तर. कंपायलरचं तोंड बंद करण्यासाठी मालकी हक्काचा अर्थ बदलणं मला पटत नाही, आणि मी तो बदल परत पाठवला.

खरं तर हा एरर आपल्या भल्याचा आहे. साध्या पॉइंटरवर, टाइप अपूर्ण असताना डिलीट लिहिलं तर वर्षानुवर्षं कंपायलर फक्त वॉर्निंग देत आले: डिस्ट्रक्टर बोलावला जाणार नाही, बरं का. ज्या क्लासला खरंखुरं काम करणारा डिस्ट्रक्टर आहे त्याच्या बाबतीत हे सरळ अनडिफाइन्ड बिहेवियर, आणि वॉर्निंग हजार ओळींच्या बिल्ड लॉगमध्ये वाहून जाते. म्हणूनच बूस्ट या लायब्ररीसंग्रहात चेक्ड_डिलीट नावाचं छोटंसं टेम्प्लेट आलं. साइझऑफ वापरून, टाइप अपूर्ण असेल तर ऋण आकाराचा ॲरे बनवायचा आणि कंपायलरला मुद्दाम अडखळवायचं, अशी ती युक्ती. युनिक_पॉइंटरमधली तपासणी त्याच घराण्यातली. सी++२६ मध्ये तर अपूर्ण क्लासवरचं साधं डिलीटही बेकायदेशीर ठरवलंय. उशीर झाला, पण झालं.

दुसरा मोठा गट कंपायलरचा नाहीच, लिंकरचा, म्हणजे कंपाइल झालेल्या फायली एकत्र सांधणाऱ्या प्रोग्रॅमचा आहे, पण नवशिक्यांना तो कंपायलर एररच वाटतो. कप्पा<टी> नावाचं टेम्प्लेट, घोषणा हेडरमध्ये आणि व्याख्या सीपीपीत, जशी साध्या क्लासची सवय असते तशी. प्रत्येक फाइल हिरवीगार कंपाइल होते आणि शेवटी लिंकर म्हणतो: अनडिफाइन्ड रेफरन्स टू कप्पा<इंट>::~कप्पा(). व्हिज्युअल स्टुडिओत याचा नंबर एलएनके२०१९. कप्प्याच्या सीपीपीत टेम्प्लेट होतं पण इंट कोणी मागितला नव्हता. मेन फायलीत इंट मागितला पण टेम्प्लेटचं अंग दिसत नव्हतं. दोघांनीही आपापलं काम चोख केलं.

या यादीत कन्स्ट्रक्टर आणि डिस्ट्रक्टर हमखास का असतात? कारण बाकीची फंक्शन्स तुम्ही बोलवाल तेव्हा लागतील, ही जोडी मात्र नुसता ऑब्जेक्ट बनवल्याने लागते. आणि एकच डिस्ट्रक्टर दोनदा दिसला तर घाबरू नका. लिनक्सवरच्या कंपायलरांच्या एबीआयमध्ये (कंपाइल झालेले तुकडे एकमेकांशी जुळावेत म्हणूनच्या नियमांत) एका डिस्ट्रक्टरची तीन रूपं असतात: पूर्ण ऑब्जेक्ट मोडणारं डी१, बेस म्हणून मोडणारं डी२, आणि मोडून मेमरीही परत करणारं डी०. लिंकर नावं उलगडून दाखवतो तेव्हा तिन्हींचं नाव सारखंच दिसतं.

उपाय दोन. एकतर व्याख्या हेडरमध्ये आणा, किंवा कोणकोणते टाइप लागणार हे आधीच ठरलेलं असेल तर सीपीपीच्या तळाशी टेम्प्लेट क्लास कप्पा<इंट>; असं स्पष्ट इन्स्टॅन्शिएशन लिहा. व्याख्या वेगळ्या फायलीत ठेवायची सोय भाषेत खरं तर होती. १९९८ च्या स्टँडर्डमध्ये टेम्प्लेटसाठी एक्सपोर्ट हा कीवर्ड होता. तो राबवणं इतकं किचकट निघालं की ईडीजी या कंपनीचा फ्रंट एंड (कंपायलरचा कोड वाचून समजून घेणारा भाग) सोडला तर कोणी त्याच्या वाटेला गेलं नाही, आणि सी++११ मध्ये तो काढून टाकला.

उलट दिशेचा एररही आहे आणि तो कमी जणांना ठाऊक असतो. कप्पा<कॅरेक्टर>साठी डिस्ट्रक्टर वेगळा हवा म्हणून कोणी टेम्प्लेट<> कप्पा<कॅरेक्टर>::~कप्पा() असं पूर्ण स्पेशलायझेशन हेडरमध्येच लिहितं. आता लिंकर म्हणतो, मल्टिपल डेफिनिशन. टी उरला नाही की ते टेम्प्लेट राहत नाही, साधं फंक्शन होतं, आणि साध्या फंक्शनला हेडरमध्ये इनलाइन म्हणावं लागतं. आणि हे स्पेशलायझेशन दिसायच्या आधीच कुठे कप्पा<कॅरेक्टर>चा ऑब्जेक्ट मेला असेल, तर 'इन्स्टॅन्शिएशननंतर स्पेशलायझेशन' असा वेगळाच एरर. मेला कुठे? त्याच न दिसणाऱ्या कंसावर, दुसरं कुठे.

व्याकरणाचे एरर पटकन उरकतो. क्लासबाहेर व्याख्या लिहिताना टेम्प्लेट <टाइपनेम टी> ही ओळ हवी, डबल कोलनच्या आधी कप्पा<टी> हवं आणि नंतर नुसतं ~कप्पा(). ~कप्पा<टी>() असं लिहायची काहींना सवय असते आणि जुने कंपायलर ते चालवून घेत. सी++२० ने ते बंद केलं, त्यामुळे जीसीसी ११ वर सी++२० चा फ्लॅग लावल्याबरोबर आमच्या जुन्या हेडरांत एररचा पाऊस पडला. दुरुस्ती निव्वळ शोधा आणि बदला. शिवाय डिस्ट्रक्टर स्वतः मेंबर टेम्प्लेट असू शकत नाही. त्याला आर्ग्युमेंट नसतात आणि त्याला बोलावणारा कंपायलर, मग टेम्प्लेटचा टाइप ठरवणार कोण?

पुढचा प्रकार मात्र वरवर साधा आणि आतून धोकादायक आहे. बेस क्लास हेही टेम्प्लेट, त्यात आवराआवर करणारं बंद_कर() हे फंक्शन, आणि डिराइव्ह्ड टेम्प्लेटच्या डिस्ट्रक्टरमध्ये नुसतं बंद_कर(); असं लिहिलेलं. जीसीसी म्हणतो की या कॉलमध्ये टी-वर अवलंबून असलेलं आर्ग्युमेंट नाही, तेव्हा बंद_करची घोषणा मला आत्ताच दिसली पाहिजे. ती बेसमध्ये आहे हो! पण बेस टी-वर अवलंबून आहे आणि उद्या कोणी त्याचं स्पेशलायझेशन लिहून बंद_कर काढूनही टाकेल. म्हणून नियमाप्रमाणे साधी नावं अशा बेसमध्ये शोधली जात नाहीत. धिस->बंद_कर() लिहिलं की शोध इन्स्टॅन्शिएशनपर्यंत पुढे जातो. व्हिज्युअल स्टुडिओचा कंपायलर बरीच वर्षं हा दोन टप्प्यांचा नियम पाळत नव्हता, त्यामुळे तिथे वाढलेला कोड लिनक्सवर आणला की सगळ्यात आधी डिस्ट्रक्टर रडतात. सफाईची फंक्शन्स बेसमध्ये ठेवायची आपली पद्धतच असते.

हा एरर आला तर नशीब समजा. न येणं जास्त वाईट. समजा बेसमधल्या फंक्शनचं नाव क्लोज आहे, ते एक इंट घेतं, आणि फाइल डिस्क्रिप्टर डिराइव्ह्ड क्लासचा स्वतःचा मेंबर आहे. मग धिस-> न लिहिलेला क्लोज कंपायलरला सापडतो, पण ऑपरेटिंग सिस्टिमचा ग्लोबल क्लोज. एकही वॉर्निंग नाही. डिस्क्रिप्टर बंद होतो, बेसमधली नोंद तशीच राहते, आणि बेसचा डिस्ट्रक्टर तोच नंबर पुन्हा बंद करायला जातो. मधल्या वेळात तो नंबर दुसऱ्या थ्रेडला मिळालेला असू शकतो. तेव्हापासून आमच्याकडे टेम्प्लेटच्या डिस्ट्रक्टरमध्ये बेसच्या फंक्शनआधी धिस-> नसेल तर मी रिव्ह्यू पुढे वाचत नाही. हट्ट आहे, पण आहे.

बेसचा विषय निघालाच आहे तर प्युअर व्हर्च्युअल डिस्ट्रक्टर. '= ०' लिहिलं म्हणजे अंग लागत नाही असं वाटतं, पण डिराइव्ह्डचा डिस्ट्रक्टर संपताना बेसचा डिस्ट्रक्टर बोलावतोच, तेव्हा अंग द्यावंच लागतं. नाहीतर पुन्हा लिंकर.

आता माझा आवडता, कारण तो फक्त एखाद्या विशिष्ट टाइपसाठीच येतो. बेसला व्हर्च्युअल डिस्ट्रक्टर आहे. सी++११ पासून डिस्ट्रक्टर न सांगता नोएक्सेप्ट असतात. त्यातून निघालेल्या वाचक<टी> मध्ये टीचा एक मेंबर आहे. इंटला चालतं, स्ट्रिंगला चालतं, आणि एक दिवस कोणी असा टाइप देतं ज्याचा डिस्ट्रक्टर नोएक्सेप्ट(फॉल्स) आहे, म्हणजे एक्सेप्शन फेकू शकतो. मेंबर फेकू शकतो, म्हणून वाचकचा डिस्ट्रक्टरही फेकू शकतो असं ठरतं, आणि बेसने तर वचन दिलंय की नाही फेकणार. जीसीसी म्हणतो: लूझर एक्सेप्शन स्पेसिफिकेशन.

गंमत अशी, की लोक वाचकमध्ये रिकामा डिस्ट्रक्टर लिहून बघतात आणि एरर तसाच राहतो. नोएक्सेप्ट न लिहिलेल्या डिस्ट्रक्टरला तेच स्पेसिफिकेशन मिळतं जे कंपायलरने लिहिलेल्याला मिळालं असतं. रिकामे कंस काही बदलत नाहीत. ~वाचक() नोएक्सेप्ट असं स्पष्ट लिहावं लागतं, आणि मग आतून खरंच एक्सेप्शन आलं तर प्रोग्रॅम टर्मिनेट होईल हे मान्य करावं लागतं. माझ्या मते फेकणारा डिस्ट्रक्टर लिहिणाऱ्यालाच आधी प्रश्न विचारायला हवेत, पण तो कोड कधीकधी आपल्या हातात नसतो.

या सगळ्यावर मी टेम्प्लेट लिहिताना एक काम करतो. डिस्ट्रक्टरच्या अंगात पहिली ओळ स्टॅटिक_असर्टची, की टी मोडता येण्यासारखा आहे, आणि सोबत माणसाला कळेल असा मजकूर. रेफरन्स काउंटिंगवाल्या क्लासेसचा डिस्ट्रक्टर प्रायव्हेट किंवा प्रोटेक्टेड असतो. असा क्लास कोणी थेट कप्प्यात घातला की लायब्ररीच्या खोल कपारीतून ओरड येण्याऐवजी आमचंच वाक्य दिसतं: कप्प्यात पॉइंटर ठेवा, ऑब्जेक्ट नको. ही ओळ डिस्ट्रक्टरच्या अंगातच हवी, क्लासच्या अंगात नको. क्लासच्या अंगात घातली तर ती कप्पा<टी> नुसता मेंबर म्हणून घोषित केला तरी तपासली जाते, तेव्हा टी अपूर्ण असू शकतो, आणि झाडासारख्या रचनेत, जिथे नोडमध्येच नोडचा कप्पा असतो, तिथे विनाकारण अडतं. अपूर्ण टाइपवर ती चौकशी करणं स्टँडर्डलाही मंजूर नाही.

दुसरं काम प्रत्येक टेम्प्लेटमागे एक छोटी सीपीपी फाइल. तिच्यात स्पष्ट इन्स्टॅन्शिएशन, बास. त्यामुळे सगळी मेंबर फंक्शन्स, कोणी वापरो न वापरो, तपासली जातात आणि एरर टेम्प्लेट लिहिणाऱ्याला मिळतो, वापरणाऱ्याला नाही. टाइप तीन: इंट, स्ट्रिंग, आणि मुद्दाम बनवलेला खडूस नावाचा क्लास. खडूसची कॉपी डिलीट, डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर नाही, डिस्ट्रक्टर नोएक्सेप्ट(फॉल्स). खडूससाठी स्पष्ट इन्स्टॅन्शिएशन केलं की कॉपी करणारी मेंबर फंक्शन्स अडतात, कारण इथे 'वापरलं तरच तपासा' ही सवलत नाही. सी++२० मध्ये त्या फंक्शन्सना रिक्वायर्स अट लावली की अट न जुळणारी फंक्शन्स वगळली जातात. त्याच आवृत्तीपासून डिस्ट्रक्टरलाही रिक्वायर्स लावता येतं आणि एका क्लास टेम्प्लेटमध्ये टीनुसार निवडले जाणारे दोन डिस्ट्रक्टर लिहिता येतात. पूर्वी त्यासाठी बेस क्लासची स्पेशलायझेशन्स करून कसरत करावी लागे. आमचा जो भाग अजून सी++१७ वर आहे तिथे खडूससाठी हाताने फंक्शन लिहून एकेक मेंबर बोलावलाय. दिसायला ओंगळ, पण चालतं.

या फायली कधीच चालत नाहीत, फक्त कंपाइल होतात, त्यामुळे कव्हरेजच्या अहवालात त्या शून्य टक्के दिसतात आणि अधूनमधून कोणीतरी त्या उडवायचा प्रस्ताव घेऊन येतं. शेवटी प्रत्येक फायलीच्या माथ्यावर कॉमेंट टाकलीय: ही फाइल काढायची असेल तर आधी खडूसला कप्प्यात घालून दाखवा.